बाबांना मरणाविषयी बोलू द्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका वाचकांनी पत्र पाठवलं आहे. वय 44, कोरडवाहू शेती, गावातल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे ते सेक्रेटरी आहेत. वडिलांचं वय 78. उभी हयात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाल्ला, आता जबड्याचा कॅन्सर आहे. शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन झाले. ‘आता घरी न्या, सेवा करा,’ असं डॉक्टरांनी मुलाला सांगितलं. वडिलांना मात्र कुणीच स्पष्ट काही सांगितलेलं नाही. नागपूरला दिलेल्या बहिणीचं म्हणणं, सांगूच नका, ते खचतील. पण वडील रोज संध्याकाळी ओसरीतल्या बाजेवर बसून बोलायला लागतात. ‘माह्या पेटीवर लय खर्च करू नको. तुह्या मायच्या बाजूची जागा पाहून ठेव. लहान्याले एक डाव बलाव गा.’ ‘लहान्या’ म्हणजे वाचकांचे काका. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणावरून दोघा भावांचं बोलणं बरीच वर्षं बंद आहे आणि काकांचं घर ख्रिस्ती नाही. मंडळीतले लोक दर शुक्रवारी घरी प्रार्थनेला येतात. ते बजावतात, ‘मरणाचं नाव काढू नका, बरं झाल्याची कबुली द्या, नाहीतर विश्वास उणा पडतो.’ वाचक विचारतात, ‘बाबांनी हिंमत सोडली आहे. त्यांना हो म्हणून तयारीला लागलो तर माझाही विश्वास संपला असं होईल का? आणि आध्यात्मिक तयारी म्हणतात ती नेमकी काय असते?’ शेवटी एक ओळ आहे: ‘बाबांच्या जागी मी असतो तर, असा विचार रात्री येतो आणि छातीत धडधडतं.’

भाऊ,

बाबांनी हिंमत सोडली, असं तुम्ही लिहिलं आहे. ते कशावरून? तुम्हीच उतरवलेली त्यांची वाक्यं पुन्हा वाचून पाहा. मुलावर खर्चाचा बोजा पडू नये याची त्यांना काळजी आहे. बायकोच्या शेजारी जागा हवी आहे. भावाला भेटायचं आहे. हिंमत सोडलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, जेवणाला नको म्हणतो, कुणी आलं तरी डोळे उघडत नाही. तुमचे बाबा रोज संध्याकाळी ओसरीत येऊन तुमच्याशी बोलायला बघतात. माझ्या मते त्या घरात मरणाच्या बाबतीत सगळ्यात पुढे तेच गेले आहेत, आणि तुम्ही सगळे त्यांना मागे ओढता आहात. तेही प्रेमापोटीच, हे मला कळतं. आपल्याकडे घरात कुणी मरणाचं बोललं की आजूबाजूचे लगेच ‘असं अभद्र बोलू नका’ म्हणतात. ख्रिस्ती घरातही ही सवय तशीच आहे, फक्त तिला आता विश्वासाचं नाव मिळालं आहे.

मंडळीतल्या लोकांशी भांडू नका. ते शुक्रवारी येतात, गुडघे टेकतात, त्यांच्या मनात बाबांचं बरं व्हावं हेच आहे. पण त्यांचा विचार पवित्रशास्त्राला धरून आहे का, ते शांतपणे पाहू. राजे दुसरे पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. यशया संदेष्टा येऊन त्याला म्हणाला, घराची निरवानिरव कर, तू आता जगणार नाहीस. हिज्कीया भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला, त्यानं प्रार्थना केली, आणि देवानं त्याला आणखी 15 वर्षं दिली. बरं होण्याच्या प्रार्थनेसाठी हा अध्याय नेहमी वाचला जातो, आणि वाचावाच. पण निरवानिरव कर हा निरोपही त्याच अध्यायात आहे, आणि तोही देवाकडूनच आलेला. 15 वर्षांनी हिज्कीया मेलाच. येशूनं कबरेतून उठवलेला लाजरसुद्धा पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असणार. बरं होणं ही देवाची देणगी आहे, पण ती मिळालेल्या प्रत्येकाला एक दिवस मरणाची तयारी करावीच लागली आहे.

आणि गेथशेमाने बागेत प्रभूनं स्वतः काय केलं? हा प्याला टळो, अशी प्रार्थना केली. माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असंही म्हटलं. दोन्ही एकाच रात्री, एकाच तोंडून. तेव्हा बाबांच्या उशाशी बसून ‘प्रभू, त्यांना बरं कर’ म्हणा, आणि त्याच बैठकीत ‘बाबा, पेटीसाठी लाकूड कोणतं घ्यायचं?’ असंही विचारा. यात विश्वासाला कुठेही तडा जात नाही. मंडळीतल्या कुणी टोकलं तर एवढंच म्हणा की आम्ही दोन्ही करतो आहोत, तुम्ही प्रार्थना करत राहा.

त्या बागेतली आणखी एक गोष्ट मला तुमच्यासाठी महत्त्वाची वाटते. प्रभूनं तिघा शिष्यांना जवळ घेतलं आणि म्हटलं, माझा जीव मरणप्राय दुःखानं व्यापला आहे, माझ्याबरोबर जागे राहा. त्यांनी उपदेश करावा, वचनं ऐकवावीत, असं काही त्याला नको होतं. फक्त जागं राहणं हवं होतं, आणि तेवढंही त्यांना जमलं नाही. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला हेच हवं असतं. तुमचे बाबा रोज संध्याकाळी हेच मागत आहेत. ‘असं बोलू नका’ म्हटलं की ते गप्प होतात, आणि मग त्यांना एकट्यानंच त्या विचाराशी झुंजावं लागतं.

आता सांगावं की सांगू नये, याविषयी. मला शंका आहे की त्यांना माहीत आहे. शेक कशासाठी देतात हे 78 वर्षांच्या, खर्रा खाऊन गावातली दोन-चार माणसं गेलेली पाहिलेल्या माणसाला कळत नसेल? तेव्हा बातमी फोडायची म्हणून बसू नका. विचारा. ‘बाबा, तुमच्या दुखण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ आणि मग थांबा. ते बोलतील तेवढं ऐका. ‘डॉक्टर काय म्हणले?’ असं त्यांनी विचारलं तर खोटं सांगू नका: ‘ते म्हणाले, आता औषधानं रोग जाणार नाही, पण दुखणं कमी करता येतं. मी आहे इथं.’ त्यांनी विचारलंच नाही, विषय बदलला, तर तोही त्यांचा हक्क आहे. किती जाणून घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या. बहिणीला फोनवर समजावत बसू नका. तिला एका दिवसासाठी नको, मुक्कामाला बोलवा. एक संध्याकाळ तिनं ओसरीत बसून बाबांचं ऐकलं की ते खचतील ही भीती तिच्या मनातून आपोआप कमी होईल.

दुखण्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण असह्य वेदनेत कुणाचंच ध्यान लागत नाही. जबड्याच्या कॅन्सरच्या वेदना फार वाईट असतात. तोंडानं घेण्याचं मॉर्फिन त्यासाठीच आहे. नेहमीच्या गोळीचा असर साधारण चार तासांचा, म्हणून ती घड्याळ लावून द्यावी लागते. दुखायला लागल्यावर द्यायची असं चालत नाही. गिळायला त्रास असेल तर पातळ स्वरूपातल्या औषधाचं डॉक्टरांना विचारा. तिनं बद्धकोष्ठ होतो, त्यासाठी जुलाबाचं औषध सोबत मागून घ्या. 2014 साली मादक पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन हे औषध मिळणं पूर्वीपेक्षा सोपं झालं, तरी ते प्रत्येक मेडिकलात मिळत नाही. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदनाशमनाची सेवा, कोणत्या दिवशी असते ते विचारा. नाहीतर नागपूरच्या कॅन्सर हॉस्पिटलात किंवा सेवाग्रामला चौकशी करा. बाबांची फाईल सोबत न्या. त्यांना स्वतःला प्रत्येक वेळी न्यावं लागेल का, हे आधीच विचारून घ्या, म्हणजे एसटीच्या धक्क्यांतून त्यांची सुटका होईल.

काही विश्वासी लोक म्हणतात की दुःख सोसणं हाच वधस्तंभ, प्रभूनंही गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला होता. नाकारला होता, खरं आहे. पण ते त्याचं एकट्याचं काम होतं, जगाच्या पापासाठीचं, आणि ते पूर्ण झालं आहे. तुमच्या बाबांना त्यात भर घालायची नाही. नीतिसूत्रांच्या 31 व्या अध्यायात तर मरणाला टेकलेल्याला, जीव कष्टी झालेल्याला मद्य द्या, म्हणजे त्याला आपल्या कष्टांचा विसर पडेल, असं लिहिलं आहे. वेदना कमी करणं पवित्रशास्त्राला मंजूर आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आध्यात्मिक तयारी म्हणजे काय.

हा प्रश्न जुना आहे. युरोपात चौदाव्या शतकात प्लेगनं गावंच्या गावं ओस पडली, धर्मगुरूही मेले, मरणाऱ्याजवळ बसायला कुणी उरेना. त्यानंतर पंधराव्या शतकात लहान लहान पुस्तिका निघाल्या. मरताना माणसाला काय काय छळतं आणि जवळच्यानं काय करावं, हे त्यांत साध्या भाषेत सांगितलं होतं. मरणाऱ्यापुढे पाच मोह येतात, असं त्या म्हणतात. विश्वास डळमळणं. निराशा, म्हणजे माझ्या पापांना क्षमा नाही असं वाटणं. अधीरता, म्हणजे दुखण्यानं चिडचिड होणं, जवळच्यांवर ओरडणं. आध्यात्मिक गर्व. आणि घरादाराची, जमिनीची ओढ न सुटणं. हे मी सांगते आहे ते एवढ्यासाठी की, यातलं काही बाबांमध्ये दिसलं तर घाबरू नका. पाचशे वर्षांपूर्वीच्या विश्वासी माणसांनाही मरताना हेच होत होतं, आणि त्यांच्या पाळकांनी ते गृहीत धरलं होतं. एखाद्या रात्री बाबा म्हणतील, ‘देव आहे का गा खरंच?’ तेव्हा तुम्ही धर्मशास्त्राचा तास घेऊ नका. हात धरा आणि विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत आपण सगळे म्हणतो ती विश्वासाची कबुली, म्हणा, त्यांच्यासाठी, त्यांच्या वतीनं. त्यांना पेलेना तेव्हा बाकीच्यांनी तो पेलायचा, मंडळी असते ती त्यासाठीच.

त्या पाचांमधला चौथा, गर्वाचा मोह, मला आपल्याकडे फार दिसतो, आणि तो मरणाऱ्यापेक्षा भोवतालच्यांना जास्त होतो. लोकांना बाबांकडून ‘साक्ष’ हवी असते. हसतमुखानं, न डगमगता मरण स्वीकारणारा विश्वासी त्यांना बघायचा असतो, म्हणजे पुढे संदेशात सांगता येतं. बाबांवर हे ओझं टाकू देऊ नका. ते घाबरले तर घाबरू देत, रडले तर रडू देत. लाजरला आपण आता उठवणार आहोत हे येशूला माहीत होतं, तरी तो त्याच्या कबरेपाशी रडला. वधस्तंभावर तो देवाला ‘तू माझा त्याग का केलास’ असं ओरडून विचारतो. चांगलं ख्रिस्ती मरण म्हणजे निर्भय मरण, ही समजूत कुठून आली मला माहीत नाही, शुभवर्तमानांत तरी ती नाही.

मग करायचं काय? रोज संध्याकाळी त्यांची जी वेळ आहे, तीच पकडा. मोबाईल आत ठेवा. एक स्तोत्र वाचा, सावकाश. 23 वं त्यांना पाठ असेलच, तुम्ही अर्धी ओळ म्हणा आणि उरलेली त्यांना म्हणू द्या. 90 वं वाचा, त्यात आयुष्य 70 वर्षांचं, शक्ती असली तर 80, असं म्हटलं आहे. 78 वर्षांच्या माणसाला ते आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटतं. योहानाचा 14 वा अध्याय वाचा. एका दिवशी एकच. मग गप्प बसा. ती शांतता तुम्हाला जड जाईल, त्यांना जाणार नाही. त्यांनी जुन्या गोष्टी काढल्या, बैलांच्या, पहिल्या पावसाच्या, तुमच्या आईच्या, तर तेही ध्यानच आहे. आयुष्य देवापुढे एकदा फिरवून पाहायचं असतं, आणि बहुतेक माणसं ते गोष्टी सांगतच करतात. आवडीची गीतं कोणती ते विचारा आणि वहीत लिहून घ्या, दफनाच्या वेळी काय गायचं तेही विचारा. त्यांना हा प्रश्न आवडेल.

पाळकांना लवकर बोलवा, शेवटच्या घटकेची वाट पाहू नका. जबडा उघडत नसेल, गिळता येत नसेल, तर प्रभुभोजनात द्राक्षरसात भिजवलेला भाकरीचा कण किंवा नुसता थेंब ओठाला लावून चालेल, पाळक ते समजून घेतील. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यानं मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, तेही करा. पाळक आले की थोडा वेळ बाबांना त्यांच्याजवळ एकटं सोडा. मुलासमोर जे बोलवत नाही ते बोलायचं राहिलेलं असू शकतं. पुढे बोलणं बंद झालं तर कसं करायचं हे आत्ताच ठरवून ठेवा. हात एकदा दाबला की ‘हो’, दोनदा दाबला की ‘नाही’. शुद्ध हरपली तरी त्यांना ऐकू येतं आहे असं धरूनच कानाशी बोला, आणि त्या खोलीत जमिनीच्या गोष्टी काढू नका.

काकांकडे वळते. मला वाटतं तुमच्या सगळ्या पत्रातलं खरं अडलेलं काम हेच आहे. बाबांनी तीन गोष्टी मागितल्या. पेटी आणि जागा सोप्या आहेत. तिसरीबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘काकाला बोलावलं म्हणजे शेवट आला असंच सगळ्यांना वाटेल.’ वाटू द्या. सोळाव्या शतकातले ख्रिस्ती संत इग्नाती लोयोला यांनी निर्णय घेताना अडलेल्या माणसाला एक उपाय सुचवला होता. आपण स्वतः मरणाच्या घटकेला पोचलो आहोत असं मनात आणायचं, आणि त्या वेळी आपण काय केलेलं असावं असं वाटेल, ते आता करायचं. तुम्ही हे करून पाहा. स्वतःला त्या बाजेवर ठेवा. धुऱ्यालगतच्या नांगराच्या दोन ओळी तेव्हा आठवतील की भाऊ?

तुम्ही स्वतः जा. फोन नको, निरोप्या नको. काकांच्या घरी जाऊन एवढंच म्हणा, ‘बाबा तुमची आठवण काढून राहिले, येता का?’ धुरा कुणाचा, मोजणी कुणी चुकवली, यातलं एक अक्षर काढू नका, त्यांनी काढलं तरी. तो वाद तलाठ्याकडचा आहे, तो नंतरही मिटवता येईल. ते आले तर दोघांना बसू द्या आणि चहा ठेवायच्या निमित्तानं तुम्ही उठा. नाही आले तर बाबांना खरं सांगा, आणि विचारा की त्यांच्या बाजूनं क्षमा देऊन, क्षमा मागून मोकळं व्हायचं आहे का. ते तुमच्यापाशी आणि देवापाशी करता येतं, काकांशिवायही. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जा, असं प्रभू म्हणाला, तेव्हा तो भाऊ कोणत्या धर्माचा हे त्यानं सांगितलं नाही.

काकांच्या घरचे नंतर तेरवीचा विषय काढतील, हे तुम्ही लिहिलं नाही पण मी गृहीत धरते. त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्या मनात भावाचं काही राहून जाऊ नये हीच धडपड असते. पिंडदान आपण करत नाही, हे नम्रपणे आणि आधीच सांगा, बाबांच्या तोंडूनच सांगितलं गेलं तर फारच बरं. स्मरणसभा ठेवा, त्या दिवशी जेवण ठेवा, काकांना पंगतीत मानानं बसवा. दुःखात लोकांना जेवू घालण्यात काही चुकीचं नाही.

आता तुमची शेवटची ओळ. छातीत धडधडतं ते फक्त बाबांसाठी नाही, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. 44 व्या वर्षी बापाचं मरण जवळून बघताना आपल्या डोक्यावरचं छप्पर निघाल्यासारखं होतं. ही भीती घालवायची असं ठरवू नका. तिला घेऊन प्रार्थनेला बसा. ख्रिस्ती परंपरेत मरणाचं ध्यान म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवलेलं नव्हतं. सहाव्या शतकात बेनेडिक्टनं आपल्या मठवासीयांना, त्यात पोरसवदाही असत, मरण रोज डोळ्यांसमोर ठेवायला सांगितलं. कारण उघड आहे, सगळ्यांनाच आधी सूचना मिळत नाही. 1845 साली नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही तिथं आहे, 1863 साली टाकळघाटच्या बाजूनं परत येताना पाण्यात बुडून गेले. आपल्या गावांत तर हे रोजचंच आहे. वीज पडते, साप चावतो, रात्रीच्या ओलिताला गेलेला माणूस परत येत नाही. बाबांना देवानं वेळ दिला आहे, आणि त्या वेळात तुम्हालाही शेजारी बसवलं आहे.

तुमच्यासाठी एक साधी रीत सांगते. रात्री अंथरुणावर पडल्यावर 31 व्या स्तोत्रातली ओळ म्हणा, ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो.’ वधस्तंभावर प्रभूनं शेवटी हीच म्हटली, आणि मठांतल्या रात्रीच्या प्रार्थनेत ती शतकानुशतकं म्हटली जाते. श्वास घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘माझा आत्मा तुझ्या हाती’. झोप येईपर्यंत. झोप म्हणजे रोजच ताबा सोडून देणं असतं, ते शिकत गेलं की मोठ्या वेळी नवखं वाटत नाही. महिन्याभरात धडधड थांबेल असं वचन मी देत नाही. पण धडधड सुरू असतानाही म्हणता येईल अशी ओळ तुमच्याजवळ असेल.

दिवसा, वावरात, पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, 15 वा अध्याय काढा. तो शेतकऱ्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. तू पेरतोस ते मेल्यावाचून जिवंत होत नाही, आणि पेरतोस तो नुसता दाणा असतो, उगवणारं अंग देव देतो. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, एवढीशी सरकी आणि दसऱ्याला कमरेला लागणारं झाड यांचं काही साम्य दिसतं का? पुनरुत्थान म्हणजे काय, हे पौलाला याहून जवळचं सांगता आलं नाही, मलाही येत नाही. मृगाचं पाणी पडल्यावर पेरणीत हा अध्याय मनात घोळवत चाला, बाबा असोत की नसोत.

ज्यांच्या गावात एकच ख्रिस्ती घर आहे, अशा वाचकांसाठी इथे थोडं लिहिते, कारण अशी पत्रं मला येतात. दफनाची जागा कुठे, हे माणूस जिवंत असताना विचारा. जवळच्या मंडळीचं कब्रस्तान तालुक्याला असेल तर तिथल्या पाळकांना आणि कमिटीला भेटून बोलून ठेवा, जागेबाबत ग्रामपंचायतीशीही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा नातेवाईक येईपर्यंत थांबता येत नाही. भर पावसाळ्यात काळ्या मातीत खड्डा खणला की पाणी भरतं. सुताराला माप आणि लाकूड आधी सांगून ठेवलं तर त्या दिवशी धावपळ होत नाही. पाळक लांब असतील तर पहिली प्रार्थना घरातलं कोण करणार, कोणता उतारा वाचणार, हे ठरवून ठेवा. घरातल्या कुणालाही ती करता येते.

भाऊ, कागदपत्रांचं शेवटी लिहिते, आणि करायचंही ते शेवटीच. मायबापाची सोय लावणं हाही तयारीचा भाग आहे. वधस्तंभावर असताना प्रभूनं आपली आई योहानाच्या हाती सोपवली, तेवढं काम त्यानं त्या वेदनेतही केलं. बाबांच्या नावावरच्या जमिनीचं त्यांच्या मनात काय आहे ते विचारा. मृत्युपत्र साध्या कागदावरही होतं, बाबांनी शुद्धीत सही किंवा अंगठा करायचा आणि दोन साक्षीदारांनी सही करायची. ज्यांना वाटा मिळणार त्यांना किंवा त्यांच्या नवराबायकोला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, आणि आई आता नसल्यामुळे मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा येतो. तेव्हा बहीण मुक्कामाला येईल तेव्हाच, तिच्यासमोर हे बोला. फक्त काकांना भेटायला जाण्याआधी हे कागद काढू नका. गावात बातमी फिरते, आणि बाबांच्या भेटीसाठी आलेल्या भावाला असं वाटायला नको की आपल्याला धुऱ्यासाठी बोलावलं आहे.